अकरा चौकटींतला दादा

३ नोव्हेंबर

ती. वहिनींना धाकट्याचा नमस्कार.

वादळ गेला. शिवणखोलीतल्या रेडिओवर तुम्ही ऐकलंच असेल. सगळं जग त्या नटाला वादळ म्हणायचं, म्हणून काल चार वर्तमानपत्रांनी ‘वादळ शमलं’ असं छापलं. चौघांनाही वाटलं असणार, हे आपल्यालाच सुचलं.

फोन करणार होतो. पण तुमच्या खोलीत सहा बायका सुई थांबवून ऐकतात, आणि माझ्या केबिनमध्ये मशीनच्या घरघरीत मला माझंच ऐकू येत नाही. शिवाय जे लिहायचं आहे ते तोंडाने धड निघालं नसतं.

वहिनी, सिनेमा दाखवणाऱ्याच्या केबिनमध्ये मेलेल्यांचीच वर्दळ जास्त. तो जाडा विनोदवीर जाऊन एकोणीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी दिवा लावला आणि गडी पुन्हा त्याच खुर्चीवरून पडला, लोक पुन्हा हसले. आईची कामं करणारी ती बाई पडद्यावर चौदा वेळा खोकून मेली. खरी मेली ती एकदाच, जेवून आडवी झाली होती तेव्हा. खोकलीसुद्धा नाही म्हणतात. यांच्यासाठी मला रडू येत नाही. रीळ चढवलं की उठतात. मशीन सुरू करण्याआधी मी हात जोडतो तेव्हा रोज मनात येतं, मेलेल्यांना उठवायचं काम देवाने माझ्याकडे दिलं, आणि त्यातून आपल्या दादालाच वगळलं.

वगळलं असं तुम्ही समजता. तेच सांगायला बसलोय.

मनोऱ्यावरच्या उडीचा सिनेमा आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात लागला. दादाला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मी केबिनमध्ये नवा होतो. उडीचा प्रसंग आला आणि मला वाटलं, आपल्याला भास झाला. रात्रीपर्यंत थांबलो नाही, मधल्या सुट्टीतच ते रीळ दिव्यासमोर धरलं. भास नव्हता. मनोऱ्याच्या खिडकीतून पाठमोरा माणूस उडी घेतो, हवेत वळतो, आणि अकरा चौकटींपुरता त्याचा चेहरा सरळ आपल्याकडे होतो. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. म्हणजे अर्ध्या सेकंदालाही थोडा कमी, पण दादा. टोप वादळचा, जाकीट वादळचं, तोंड आपल्या दादाचं. शॉट पुन्हा घ्यायचा तर उडी मारायला माणूस उरला नव्हता, म्हणून त्यांनी तोच ठेवला असणार.

महिन्याभराने त्यांच्याही लक्षात आलं. कंपनीचा माणूस कात्री घेऊन गावोगाव फिरला आणि प्रत्येक थिएटरात त्या चौकटी कापून घेतल्या. आमच्याकडे आला तेव्हा मी म्हटलं, कालच एक जण येऊन कापून गेला. फिल्म कापून चिकटवल्याचा दुसरीकडचा एक जोड दाखवला. तो चहा पिऊन गेला. पुढे कंपनी बुडाली आणि ते रीळ आमच्याच कपाटात राहिलं. आता जगात दादाचा तो चेहरा तेवढाच.

आणि वादळ सव्वीस वर्षं सांगत फिरला, ती उडी मी स्वतः मारली, माझा हात मोडला. देवाकडे कुणाचं वाईट मागू नये असं आमच्या शाळेतल्या गुरुजींनी शिकवलं होतं, म्हणून मी मागत नव्हतो. फक्त रोज आठवण करून देत होतो.

येत्या २३ तारखेला दुपारी तीनच्या खेळाला मालकांनी श्रद्धांजली ठेवली आहे. हाच सिनेमा. वादळचा मुलगा येणार, आधी भाषणं, वादळच्या आवाजातली ती उडीबद्दलची मुलाखतही ऐकवणार. मशीनवर मी. तिथे आलो की थांबवू का, वहिनी? सगळ्यांना नीट बघू दे. तुम्ही म्हणाल तसं करतो.

तुमचा
धाकटा

७ नोव्हेंबर

भाऊजींना आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि एका गणवेशाला दोन्ही डाव्या बाह्या लावून बसले. बायका हसल्या. मीही हसले, काय करणार.

सव्वीस वर्षं हे पोटात ठेवलंत आणि मला कळू दिलं नाहीत. त्यावर नंतर भांडेन.

हे गेल्यावर तो वादळ भेटायला आला होता, तेव्हा तुम्ही औषध आणायला बाहेर गेला होतात. काळा चष्मा घालून आला, सोबत फोटोवाला. म्हणाला, तो मला भावासारखा होता. मी म्हटलं, भावाचं नाव सांगा बघू. त्याला येईना. सेटवर सगळे ह्यांना मांजर म्हणायचे, कुठूनही टाका, चार पायांवर उतरणार. त्याला तेवढंच माहीत. मग त्याने पाणी मागितलं, प्याला नाही, तसाच पेला माझ्या हातात देऊन फोटो काढून घेतला. तो फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, दुःखितांचे अश्रू पुसताना.

मेलेल्याचं वाईट बोलू नये म्हणतात. असं म्हणणारे बहुतेक स्वतः कुणाचं तरी वाईट करून बसलेले असतात.

थांबवा. पण एक विचारते, खरं सांगा. चेहरा कसा आहे? घाबरलेला आहे का?

मला ह्यांना शेवटचं बघू दिलं नव्हतं, तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, बघण्यासारखं नाही.

वहिनी

१२ नोव्हेंबर

ती. वहिनींना नमस्कार.

घाबरलेला नाही. हसल्यासारखा आहे. शांत आहे, वहिनी. ही काळजी मनातून काढून टाका.

मला त्यात एवढंच उमगलं नाही की दादाकडून अशी चूक झाली कशी. बदली उड्या मारणाऱ्याचं पहिलं शिक्षण म्हणजे तोंड लपवणं. तो मला सांगायचा, उडी कुणीही मारेल, तोंड न दाखवता मारायची ही कला. आठ सिनेमांत एकदाही त्याचा कानसुद्धा दिसला नाही. आणि नवव्यात सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं. मला वाटतं, वारा असेल. किंवा पाय सटकला. मान वळली म्हणून खांदा फिरला, आणि पडायला खाली रचलेली खोकी वीतभर बाजूला राहिली. त्या वीतभराबद्दल मी देवाशी फार बोललो आहे.

आता दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दोन्ही तुम्हाला आवडणार नाहीत.

पहिली. चालती फिल्म थांबवली की दिव्याच्या आचेने ती जळते. तसं होऊ नये म्हणून मशीनमध्ये एक झडप असते, फिल्म थांबली की ती आपोआप पडते आणि पडदा काळा होतो. चेहरा दाखवायचा तर ती झडप तारेने वर बांधून ठेवावी लागेल. मग दोन सेकंद, फार तर तीन. त्यानंतर तो चेहरा जळणार. आजूबाजूच्या चौकटीही जातील. नंतर काही उरणार नाही. नको असेल तर सांगा, त्या अकरा चौकटी मी कापून पाकिटातून तुम्हाला पाठवतो. चिमणीलाही दाखवता येतील. तिला बापाचा चेहरा लग्नाच्या फोटोतलाच माहीत.

दुसरी. वादळ गेल्याचं कळलं त्या दिवशी मी केबिनमध्ये बसून रडलो. त्याचे सत्तेचाळीस सिनेमे मी दाखवले. त्याचं चालणं, दाराला टेकून उभं राहणं, मरताना नायिकेचं नाव अर्धवट सोडणं, सगळं मला पाठ आहे. मी त्याचा द्वेष केला आणि त्याचा एकही खेळ चुकवला नाही. असा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मीही पाहिला नव्हता, त्या दिवशी आरशात पाहिला.

रागावू नका.

तुमचा
धाकटा

१६ नोव्हेंबर

भाऊजी,

आशीर्वाद बिशीर्वाद आज नाही.

तुम्ही त्याच्यासाठी रडलात. बरं केलंत. माझ्या घरात त्याचं कॅलेंडर आलं होतं एका गिऱ्हाइकाकडून, मी त्याचे डोळे कापून बटणांच्या डब्यात टाकले. आणि माझा दीर त्याच्यासाठी रुमाल भिजवतो.

पाकीट पाठवू नका. नखाएवढा नवरा घेऊन मी काय करू? भिंग लावून बघू? चिमणी आता तीस वर्षांची आहे, तिच्या पोरांना शाळेत पोचवते, तिला बापाचा चेहरा पाकिटातून नको. तिला तो पडद्यावर हवा होता, चार वर्षांची होती तेव्हा.

जळू दे. पण आधी दिसू दे. त्याच्या पोरासमोर, त्याच्या हारासमोर, मुलाखतीतलं ते खोटं कानात ताजं असताना दिसू दे. तुम्ही खरंच दादाचे भाऊ असाल तर थांबवाल. त्या चष्मेवाल्याचे चाहते असाल तर मला कळेलच.

मी येणार नाही. गुडघे, आणि कामही आहे.

वहिनी

२४ नोव्हेंबर

ती. वहिनींना नमस्कार.

काल झालं. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी लवकर जाऊन झडप तारेने बांधली. फिल्मच्या कडेला पांढऱ्या शाईने खूण केली, चेहरा यायच्या दहा सेकंद आधी. मग हात जोडून बसलो. नेहमी चार शब्द म्हणतो ते आठवेनात, म्हणून नुसता बसलो.

थिएटर भरलं होतं. माझ्या केबिनला काचेची छोटी खिडकी आहे, तिच्यातून पडदा आणि लोकांची डोकी दिसतात, ऐकू काही येत नाही. भाषणं झाली. वादळचा मुलगा पहिल्या रांगेत, बापासारखाच टेकून बसलेला. मुलाखत ऐकवली असावी, कारण लोक एकदम टाळ्या वाजवू लागले.

खूण आली. दहापर्यंत मोजून मी मोटार बंद केली आणि तळहाताने चाक धरलं. साल निघाली हाताची, पण थांबलं. पडद्यावर दादा. वहिनी, तो एवढा मोठा मी कधी पाहिला नव्हता. भुवईवरची ती जुनी जखम हाताएवढी दिसत होती. एक, दोन. मग कानाजवळ तपकिरी डाग आला, तो फुगला, आणि चेहरा मधून उघडत गेला. तीन म्हणेपर्यंत पडद्यावर नुसता पांढरा उजेड आणि कडेला बुडबुडे. त्या उजेडात कुणीतरी उभं राहिलं, सावली पडद्यावर पडली. हात वर केलेला. शिट्ट्या मारणारा असेल कुणी. मी दिवा विझवला.

मालक वर आले. म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. मी म्हटलं, उद्यापर्यंत कशाला, किल्ली आत्ताच घ्या. एकूण सत्तावीस वर्षं झाली, जिना उतरायला दोन मिनिटं लागली.

आता जे लिहितोय ते लिहायला हात उचलत नाही. खाली दारापाशी दोघं बोलत होते. एक म्हणाला, फिल्म नेमकी तिथेच जळावी. दुसरा म्हणाला, पण चेहरा पाहिलास का वादळचा? तरुणपणी किती साधा दिसायचा.

त्यांना तो वादळ वाटला.

मी त्यांना अडवून सांगायला हवं होतं. तसाच पुढे निघून गेलो. सगळ्यांसमोर दादाचा चेहरा धरला, तोही त्यालाच वाहिला गेला. तुमच्याजवळ राहिली असती ती एकच गोष्ट मी जाळली. आता सूड म्हणून माझ्याकडे फक्त सोललेला हात आहे. मला काय म्हणायचं ते म्हणा.

धाकटा

२८ नोव्हेंबर

भाऊजींना आशीर्वाद.

शिट्ट्या मारणारा कुणी नव्हता. ती मी होते.

येणार नाही म्हणून लिहिलं, आणि सकाळच्या बसने आले. तुमच्याकडे आले असते तर तुम्ही मला चांगल्या खुर्चीत बसवलं असतं, पाणी आणलं असतं, आणि मला तसं बसून बघायचं नव्हतं. तिकीट काढलं, खालची मधली रांग. तो सिनेमा मी आजवर पाहिला नव्हता. शेजारची बाई वेफर्स खात होती, मलाही दिले. चांगली होती बिचारी.

चेहरा आला. मी उभी राहिले. तुम्हाला काचेतून ऐकू आलं नाही, म्हणून लिहिते. मी म्हटलं, “हा तुमचा वादळ नाही. हा माझा नवरा. उडी यानेच मारली, आणि मेलाही हाच.” आवाज मोठा निघाला. शिवणखोलीत सहा मशीनींवरून बोलायची सवय आहे. मागून एक जण म्हणाला, बाई, खाली बसा, पडदा दिसत नाही. पडद्यावर तेव्हा नुसतं जळकं भोक होतं. ते त्याला बघायचं होतं.

तुम्ही लिहिलं होतं, हसल्यासारखा आहे, शांत आहे. माझ्यासाठी खोटं लिहिलंत, कळलं मला. तुमची ही सवय लहानपणापासूनची, ह्यांनीच सांगितलं होतं. चेहरा रागावलेला होता. आणि भाऊजी, ती चूक नव्हती. वारा नव्हता, पाय सटकला नव्हता. ते मला माहीत होतं, सव्वीस वर्षं.

त्याच्या आधीच्या सिनेमाला आम्ही चिमणीला घेऊन गेलो होतो. उडी आली, पाठ दिसली, आणि पोर ओरडली, बाबा. सगळं थिएटर ऐकतंय. मग माणूस वळला आणि तोंड दुसऱ्याचं. पोर घाबरली, रडायला लागली, बाबांचं तोंड कुठे गेलं म्हणून. लोक हसले. हेही हसले. मला ते सहन झालं नाही. मनोऱ्याच्या उडीला निघाले त्या सकाळी मी दारात उभी राहून म्हटलं, लोकांच्या बायका नवऱ्याचं तोंड बघतात, मी पाठ बघते. आज एकदा तरी तिथे तोंड दाखवा, नाहीतर मला इथे दाखवू नका.

त्यांनी बूट घातले आणि गेले.

म्हणून मान वळली. तो वीतभर जो तुम्ही देवाला विचारत बसलात, तो माझा होता. वादळवर मी जेवढा राग धरला, त्यातला निम्मा तरी मला स्वतःकडे बघावं लागू नये म्हणून. पण निम्माच. उरलेला त्याचाच होता, तो मी कुणाला देणार नाही.

खेळ मोडल्यावर बाहेर गर्दी होती. त्याचा मुलगा गर्दीतून माझ्याकडे आला. जवळून बापासारखा दिसत नाही, डोळे रडून चिंध्या झालेले. नाव काय होतं म्हणाला, ह्यांचं. मी सांगितलं. त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं, नीट म्हणता येईपर्यंत. मग हात जोडून म्हणाला, “बाबांना माफ करा.”

मी म्हटलं, “नाही.”

तो तसाच उभा राहिला. मी पुन्हा म्हटलं, नाही, आणि बसला निघाले. भाऊजी, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. बस पकडेपर्यंत गुडघे दुखतात हेसुद्धा विसरले. सव्वीस वर्षं माझी माफी कुणी मागितलीच नव्हती. मग नाही कुणाला म्हणणार होते? तुम्ही ते जाळलंत म्हणून कुणीतरी मागितली. तुमचा हात वाया गेलेला नाही. त्यावर मलम लावा.

आता माझी पाळी. तुमचा भाऊ माझ्या बोलण्याने गेला आणि हे मी तुमच्यापासून लपवलं. मला माफ कराल का? घाई करू नका. नाही म्हणायचा अधिकार तुम्हालाही आहे, आणि तो किती सुखाचा असतो ते मी नुकतंच बघितलंय.

वहिनी

१९ जानेवारी

ती. वहिनींना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र आलं त्या दिवशी दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. मग रोज तसंच. फाडलेल्यांत काय होतं ते विचारू नका, तुमच्या तोंडावर कधी बोललो नसतो असं होतं.

रुग्णालयाच्या पंपघरात कामाला लागलोय. मशीनजवळ बसायचं, घरघर ओळखीची. फरक एवढाच की इथे खिडकीतून बघायला काही नाही. सुरुवातीला तीन वाजले की हात आपोआप दिवा शोधायचा. आता सुटलं. वादळचे सिनेमे आठवतात, पण मधूनच. गेल्या आठवड्यात त्याच्या मुलाने वर्तमानपत्रात चार ओळी दिल्या, ती उडी माझ्या वडिलांनी मारलेली नव्हती, आणि दादाचं पूर्ण नाव. आतल्या पानावर, हवामानाखाली. ते पान मी चिमणीला पाठवलं. तिने फ्रेम करायला टाकलं म्हणे.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. सकाळी हात जोडतो तेव्हा घरच्या सगळ्यांची नावं घेतो, आईपासून. दादाच्या नावानंतर तुमचं येतं. दोन महिने होत आले, तिथे आलो की थांबतो. पुढे जाववत नाही आणि नाव गाळववतही नाही. देवाला विचारलं. तो अशा घरगुती बाबतीत पडत नाही असं दिसतं.

तर सध्या नाही, वहिनी. तुम्ही त्या मुलाला म्हणालात तसं सरळ म्हणतो, नाही.

तुम्ही म्हणता ते सुख मला त्यात मिळालं नाही. उन्हाळ्यात येईन. चार दिवस राहीन. तेव्हा पुन्हा विचारा.

तुमचा
धाकटा